मेहरमाया

एका राज्यात एक राजवाडा होता, आणि त्या राजवाड्यात दोन बोली नांदत होत्या. राजा अरिंजय गडावरचा, राणी गुलनार समुद्रापलीकडची. त्यांची लेक मंदारिका बापाच्या शब्दाला आईचा शब्द जोडून बोले. दरबारातले पंडित हसले. म्हणाले, "राजकन्येच्या तोंडी भेसळ आहे." राजाला लाज वाटली. त्याने मांत्रिकाला बोलावले आणि राज्यातले सगळे जोडशब्द तोडवले.

मांत्रिकाने मंत्र म्हणताच शब्द दुभंगले आणि पाखरांसारखे उडून गेले. त्याच क्षणी राजकन्येची वाचा गेली. बाजारात गडावरचे आणि समुद्राकडचे लोक एकमेकांना पारखे झाले. राणीने अंथरूण धरले, ती वर्ष सरायच्या आत गेली.

तेव्हा तुटलेले शब्द परत आणायला राजा एकटाच निघाला. सात डोंगरांपलीकडे एका वठलेल्या वडावर तुटके शब्द लटकत होते. राखणीला एक साळुंकी होती.

"तीन शब्दांचे अर्थ सांग, म्हणजे सारे सोडीन," ती म्हणाली. "रीतरिवाज?"

"रीत आमची, रिवाज राणीकडचा. अर्थ एकच."

"मग दोनदा का म्हणायचे?"

"समोरच्याला कळावे म्हणून कुणीतरी आपल्या शब्दाला त्याचा शब्द जोडला असेल."

"बळजबरी?"

राजाची मान खाली गेली. "बळ आमचे, जबरी तिकडची. अर्थ मी करून दाखवला आहे."

"मेहरमाया?"

माया त्याला ठाऊक होती. मेहर हा शब्द राणीच्या तोंडून त्याने कितीदा ऐकला होता. अर्थ कधी विचारला नव्हता.

राजा समुद्र ओलांडून राणीच्या म्हाताऱ्या आईकडे गेला.

"मेहर म्हणजे मायाच," ती म्हणाली. "नातीने शब्द जोडला होता. तुम्हाला त्याच नावाने हाक मारायची, असे तिच्या मनात होते. लेकीने पत्रात कळवले होते. तुमच्या कानी आले नाही?"

"कानी येण्याआधीच मी तो तोडला," राजा म्हणाला.

त्याने परत येऊन साळुंकीला अर्थ सांगितला. अर्धे शब्द अर्ध्यांना जुळून राज्याकडे उडाले, वडाला पालवी फुटली, बाजार पुन्हा बोलू लागला. राजवाड्याच्या दारात मंदारिका पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"महाराज, आपण दमला असाल," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता.

पुढे त्या राज्यात पोरेसोरेही मेहरमाया म्हणू लागली. राजकन्या मात्र बापाला जन्मभर महाराजच म्हणाली, आणि राजाने तिला दुसरे काही म्हण असे कधी सांगितले नाही.