सर्जाच्या गाडीतला आवाज

“आणि हा आवाज नक्की येतो कुठनं?” जैनूवस्तादांनी विचारलं.

“गिअरबॉक्समधनं,” इरगोंडा म्हणाला. “पार खुळखुळा झालाय. सर्जाला सांगा वस्ताद, ही गाडी घेऊ नको म्हणावं.”

वस्तादांच्या मिरजेतल्या गॅरेजात एक रीत होती. स्वतःसाठी जुनी गाडी घ्यायची तर ती स्वतः तपासायची नाही. घेणारा आधीच भाळलेला असतो, त्याला गंजसुद्धा दिसत नाही. गाडी गुरुभावानं, म्हणजे त्याच वस्तादांच्या हाताखाली शिकलेल्या दुसऱ्यानं तपासायची आणि शब्द त्याचाच शेवटचा.

भाड्याच्या धंद्यासाठी सर्जाला ही पांढरी सेडान हवी होती. आज नाही म्हटलं, तर मालक संध्याकाळी ती दुसऱ्याला देणार होता.

“दाराचा पत्रा?”

“मूळचाच हाय.”

“ऑईल?”

“स्वच्छ.”

“कार्पेटखाली गंज?”

“न्हाई.”

“टायर एका अंगानं झिजलेत?”

“…न्हाई. पण आवाज हाय वस्ताद, आईच्यान!”

खोटं बोलत नव्हता बिचारा. आपल्या मागनं गॅरेजात शिकायला आलेला सर्जा सेडानीतनं फिरणार आणि आपण अजून मोपेडच्या किका मारत बसणार, या विचारानं त्याच्या पोटात दुखत होतं. रात्रीची झोपही उडाली होती.

वस्ताद उठले. मागच्या सीटवर इरगोंडाशेजारी बसले, डोळे मिटले. सर्जानं स्टेशनपर्यंत एक फेरी मारून आणली.

“ऐकलंत?” उतरल्या उतरल्या इरगोंडानं विचारलं.

वस्ताद सर्जाकडे वळून म्हणाले, “जा, मालकाला परत देऊन ये.”

सर्जाचं तोंड उतरलं. पण वाद घातला नाही त्यानं.

“इरगोंडादादा म्हणतोय म्हंजे असणारच काहीतरी,” एवढंच म्हणाला आणि गाडी वळवली.

दोघं दारात उभे राहून बघत होते.

“येतोय आवाज?” वस्तादांनी विचारलं.

“येतोय की.”

गाडी चिंचेच्या झाडापाशी पोचली.

“आता?”

“येतोय.”

गाडी कोपऱ्यावरून वळली, दिसेनाशी झाली. रस्त्यावर एक कुत्रं तेवढं झोपलेलं.

“आता?”

“येतो…”

इरगोंडा थांबला. रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला. अगदी हळू आवाजात म्हणाला, “वस्ताद… मग ह्यो कशाचा?”

वस्तादांनी खुंटीवरची मोपेडची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली.

“पळ. सर्जानं अजून गाडी दिली नसंल.”