मुक्या ढोलाचा सडा

सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळाच्या टोकाला, कड्यापासून थोडे अलीकडे, काळ्या दगडांची एक छोटी घुमटी आहे. आत मूर्ती नाही. कातडे फाटलेला एक जुना ढोल आहे. सड्यावर येणारा माणूस इथे एक आरोळी देतो आणि मग आपला श्वास शांत होईपर्यंत गप्प उभा राहतो.

भाद्रपदात शोधपथकातली नवी मुले सरावाला आली होती. त्यांच्या आरोळ्या आणि शिट्ट्या थांबेनात, तेव्हा धनगरवाड्यावरच्या बयाबाई ढेबे काठी टेकत आल्या.

"एवढ्या हाका मारल्यात लेकरांनो, आता हरवलेल्याची ओ ऐकाल का नाही?" असे म्हणून त्या घुमटीपाशी बसल्या आणि त्यांनी ठकूची गोष्ट सांगितली.

फार पूर्वी, म्हणे, या वाड्यावर ठकू नावाची बाई राहत होती. तिची सून गोदा नवी होती. सड्याच्या वाटा तिला ठाऊक नव्हत्या. एका सकाळी ती चुकलेल्या वासरामागे गेली आणि धुके उतरले. दुपारी वासरू एकटेच परत आले.

तेव्हा माणूस हरवले की देवाचा ढोल बाहेर निघे. ढोलाने जनावर पळते आणि हरवलेल्याला धीर येतो, अशी समजूत होती. सगळा वाडा ढोल, थाळ्या बडवत, ओरडत सड्यावर फिरू लागला. जो जास्त ओरडेल त्याची माया जास्त. ठकूही घसा फाटेपर्यंत ओरडली. ओरडताना तिला वाटे, आत्ता काहीतरी ऐकू आले. पण लगेच ढोल वाजे आणि ते बुडून जाई.

दिवस कलू लागला. पुढची वाट हाताच्या अंतरावरही दिसेना. ठकूने मनात नवस केला, "देवा, गोदा सापडेपर्यंत मी तोंड उघडणार नाही." ती ओठ मिटून, कान देऊन चालू लागली.

"सून गेली नि सासूची वाचाही गेली!" कोणीतरी टोमणा मारला. "का सुनेपासून सुटली म्हणून गप्प आहे?"

ठकूने हातांनी विनवले, ओठांवर बोट ठेवले. कोणी थांबेना. देवाच्या ढोलाला लोखंड लावणाऱ्याचे घर बसते, वंश बुडतो, हे तिला लहानपणापासून माहीत होते. तिचा एकुलता एक लेक तिथेच उभा होता. तिने एकदा त्याच्याकडे पाहिले, कमरेचा विळा काढला आणि ढोलाचे कातडे उभे चिरले.

भीतीने साऱ्यांची बोबडी वळली. आरोळ्या थांबल्या, थाळ्या थांबल्या. आणि त्या शांततेत खालून आवाज आला. टक्. टक्. दगडावर दगड.

लेक आवाजाकडे धावला. ठकूने त्याला मागून कवटाळून अडवले, कारण पुढे धुके होते आणि धुक्यात कडा होता. मग पुरुषांनी मुंडाशी सोडून एकमेकांना पक्की बांधली. चौघांनी एक टोक मागून धरले आणि दुसरे कमरेला बांधून एक जण पोटावर सरकत पुढे गेला. कड्याखालच्या कपारीत गोदा पाय मोडून पडली होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता, म्हणून ती दगड आपटत होती.

वर आल्यावर ती सासूच्या कानाशी कुजबुजली, "आत्याबाई, तुम्ही सगळी माझ्या डोक्यावरून दोनदा गेलात की. मी ओ देत होते."

ठकू बोलायला मोकळी झाली होती. तरी तिने आपला कान सुनेच्या तोंडापाशीच ठेवला.

ठकूचे घर बसले नाही. बयाबाई त्याच घरातल्या. त्या ढोलाला मात्र पुन्हा कातडे चढवले नाही, असे सांगतात.

आजही जत्रेची पालखी इथे आली की वाजंत्री थांबतात. त्या दिवशी मुलेही थांबली. खालच्या रानातली गुरांची घंटा ऐकू आली, मग वारा, मग शेजारच्याचा श्वास.

"हं," बयाबाई हळूच म्हणाल्या, "आता शोधायला लागा."