कोंडाबाईचा हात

"मग उणं काय आहे ह्यात, ते तरी सांगा ना अण्णा!"

दिगूनं हे विचारलं तेव्हा आम्ही तळसंगी संस्थानच्या बागेत, मधल्या हौदापाशी उभे होतो. सकाळचे नऊ वाजले असतील. उन्हं सुरूच्या झाडांवरून खाली उतरली होती, आणि हौदात, हिरवळीवर, बकुळीच्या फांद्यांना, जिकडं बघावं तिकडं काच. लाल, निळी, हळदीसारखी पिवळी. नुसता लखलखाट.

मामंजी काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले.

मामंजी म्हणजे माझे सासरे, नेमाण्णा कासार. साठ वर्षं त्यांनी बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. आता डोळ्यांवर साय आलेली. उजेड तेवढा कळायचा, माणूस आवाजावरून ओळखायचे. म्हणून मी त्यांचा हात धरून बरोबर आलेली.

"उणं आहे असं मी कुठं म्हटलं?" मामंजी म्हणाले.

"बरं आहे असंही म्हणाला नाहीत."

"दिसत नाही रे मला."

"तुम्हाला काच दिसत नाही? तुम्हाला?"

मामंजी हसले.

हा दिगू आमच्या गावच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. सोळा वर्षांचा असताना आमच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला आणि म्हणाला, मला काच शिकवा. मामंजींनी वर्षभर त्याला काचेला शिवू दिलं नाही. नुसते हात दाबायला शिकवलं. आलेल्या बाईचा हात घ्यायचा, पाणी लावायचं, अंगठ्याच्या मुळाशी दाबत राहायचं, हाडं आत जाईपर्यंत.

आमच्या दुकानाचा एक रिवाज होता. भरताना बांगडी फुटली, तर भरणाऱ्यानं हात जोडून म्हणायचं, "चुकलं माझं. हात चांगला आहे." मग हात कसाही असो. हाताला बोल लावायचा नाही.

दिगूनं एकदा लावला. एका बाईला म्हणाला, "सैल सोडा की जरा, दगडासारखा धरलाय!" मामंजींनी त्याला तिथल्या तिथं उठवलं आणि उंबऱ्याबाहेर बसवलं. आठ दिवस. गडी रोज यायचा, बाहेर बसायचा, संध्याकाळी उठून जायचा. चहा मी नेऊन द्यायची. मामंजी बघून न बघितल्यासारखं करायचे, आणि दुपारी हळूच विचारायचे, "पोरानं काही खाल्लं का गं?"

पुढं दिगू भट्टीचं काम शिकायला फिरोजाबादला गेला, तिथून परदेशी. बारा वर्षांनी आला तो हे असलं सगळं घेऊन. राणीसाहेबांनी आख्खी बाग काच मांडायला त्याच्या हवाली केली. गावोगावची माणसं बघायला येणार होती.

"अकरा वाजता फीत कापायची आहे, अण्णा," दिगू म्हणाला. "त्याआधी तुमच्या तोंडून एक शब्द हवा. नाहीतर मी त्या फितीपाशी उभाच राहणार नाही. ज्याच्याकडं शिकलो त्यानं कधी बरं म्हटलं नाही, तर जगाच्या टाळ्या घेऊन काय करू?"

"चल तर," मामंजी म्हणाले. "दाखव."

हौदाच्या कडेनं निघालो. वहाणा त्यांनी बागेच्या दारातच काढल्या होत्या. मी म्हटलं, काचा असतील, घाला. ऐकतील तर शप्पथ.

"हे काय?" झगझगलं तिकडं मान करून मामंजींनी विचारलं.

"लव्हाळी आहे, अण्णा. लाल काचेची. हौदात उभी केलीय, माणसाच्या दुप्पट उंच."

"लाल लव्हाळी?"

"कला आहे ती."

"असंल. म्हैस चरायला येऊन फसली तर सांग."

दिगू हसला. हसताना तो पुन्हा सोळा वर्षांचा दिसायचा.

"हात लावून बघू?" मामंजींनी विचारलं.

दिगू जरा घुटमळला. "तसा बोर्ड आहे, हात लावू नये म्हणून. पण तुम्ही लावा. तुम्हाला कोण अडवतंय?"

"बोर्ड कुणी लिहिला?"

"मीच."

"मग राहू दे."

पुढं कर्दळीचा वाफा लागला. खऱ्या कर्दळीत दिगूनं काचेची कर्दळ लावली होती, तांबडी तांबडी फुलं. खरं कुठलं आणि काचेचं कुठलं, मला डोळे असून कळेना. दिगू सांगत होता, ह्या एका वाफ्याला सहा महिने लागले, हे सगळ्यात अवघड.

मामंजी थांबले. अनवाणी पाय त्यांनी जमिनीवर पुढं मागं फिरवला.

"इथं पाय रोजचा आहे."

"काय?"

"माती बसलीय इथली. गुळगुळीत. कुणाची वाट आहे ही?"

"वाट कुठली, अण्णा. वाफ्यातून माळीण जाते पाणी घालायला." दिगूचा आवाज बदलला. "तिचं नावच काढू नका. सकाळी सहाला आली आणि झारीच्या धक्क्यानं मधलं फूल फोडलं. सगळ्यात मोठं. नुसता देठ राहिलाय."

"मग?"

"मग काय! कारभाऱ्यांना सांगितलं, ही बाई नको इथं. आज दहाला किल्ली देऊन जाणार आहे ती. असला दगडासारखा हात काचेत काय कामाचा?"

मामंजींनी मान माझ्याकडं वळवली. मी खाली बघितलं. दिगूला आपण काय बोललो ते कळलंच नव्हतं.

"बाई कुठाय?" मामंजींनी विचारलं.

बाई बकुळीखाली बसली होती. कोंडाबाई तिचं नाव. झारी पालथी घालून शेजारी ठेवलेली, मांडीवर पाणीखोलीची किल्ली. ह्या बागेत तिची तीस वर्षं गेली, असं मला दारावरच्या माणसानं सांगितलं होतं. दहा वाजायची वाट बघत होती.

आम्हाला बघून ती उठली. "मी जातेच हाय, दादा. कारभारी यायचेत अजून. किल्ली कुनाच्या हातात देऊ?"

"बस, बाई," मामंजी म्हणाले, आणि स्वतःच खाली गवतावर बसले. "हात बघू. कासार आहे मी."

ती दचकली. पण कासार म्हातारा हात मागतोय म्हटल्यावर बाईचा हात आपोआप पुढं येतो. तो आला.

मामंजींनी दोन्ही हातांत घेतला. सांधे सुजलेले, बोटांना भेगा, पंजा रुंद. मनगटात दोन प्लास्टिकच्या बांगड्या.

"काच नाही घालत?"

"टिकती कुठं वो कामात? आठ दिवसांत खळाखळा. प्लास्टिक बरं."

"अगं, पुडकं काढ," मामंजी मला म्हणाले.

बांगड्यांचं पुडकं मीच पिशवीत घातलं होतं, त्यांनी सांगितलं म्हणून. मला वाटलेलं, दिगूला आशीर्वाद म्हणून द्यायच्या असतील. हिरव्यागार, साध्या.

"दिगू, बस. भर हिला."

"अण्णा... आत्ता? दीड तासात लोक येतील. अजून देठ काढायचाय, बोर्ड हलवायचाय..."

"चार बांगड्यांना किती वेळ लागतो, तेही विसरलास?"

दिगू बसला. परदेशी विजार होती अंगात, गवतावर नीट मांडी घालता येईना. मला हसू आलं. कोंडाबाईनं झारी सुलटी केली, हौदातून भरून आणली आणि त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्यानं हात घेतला, चारदोनदा दाबल्यासारखं केलं, बांगडी चढवली. डोळा फाटकाकडं.

बांगडी सांध्याशी आली, अडली. दिगूनं जोर केला.

टक...

दोन तुकडे गवतात पडले.

"माझाच हात मेला लाकूड!" कोंडाबाई घाईघाईनं म्हणाली. "तुमचं काय बी चुकलं न्हाई, दादा. सकाळीबी माजंच चुकलं. सवयीनं आले वो मी, रोजची वाट म्हनून आले. अंधूक व्हतं, फूल दिसलं न्हाई."

बोलता बोलता तिनं हात पदराखाली घेतला. ओरखडा उठला होता. पदराला रक्ताचा टिपका आला, तोही तिनं मुठीत दाबला.

दिगूनं एकदा तिच्या मुठीकडं बघितलं, एकदा मामंजींकडं.

हौदातल्या काचेवर एक कावळा येऊन बसला, आणि कुणी त्याला हाकललं नाही.

दिगूनं तुकडे वेचले. हळूच बाजूला ठेवले. मग हात जोडले.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "हात चांगला आहे."

"असू द्या की," कोंडाबाई म्हणाली. तिला काही कळत नव्हतं, आणि डोळे मात्र भरून आले होते.

"मावशी, हात द्या. हा नव्हे, दुसरा आधी. हा जरा राहू द्या."

मग त्यानं भरल्या. कशा सांगू? पाणी लावलं, आणि दाबत राहिला. अंगठ्याच्या मुळाशी, करंगळीच्या कडेला, परत अंगठ्याशी. विचारलं, किती वाजता येता बागेत? कर्दळ कुणी लावली? ती म्हणाली, सासूनं लावली, तिचा कोंभ अजून चाललाय. बोलता बोलता हात मेणासारखा झाला. दोन बांगड्या कधी गेल्या, तिलासुद्धा कळलं नाही. मग ओरखडा उठलेला हात घेतला. त्याला तर त्यानं पाव तास दिला.

मामंजी कान देऊन बसले होते. चौथी बांगडी मनगटावर उतरून किणकिणली, तशी त्यांनी मान हलवली.

रीतीप्रमाणे कोंडाबाई वाकून बांगड्या भरणाऱ्याला, दिगूला, नमस्कार करायला लागली. दिगूनं तिला मध्येच धरलं. मांडीवरची किल्ली खाली पडली होती, ती उचलून त्यानं तिच्याच हातात दिली.

"कारभाऱ्यांना मी सांगतो, मावशी. फूल मीच चुकीच्या जागी लावलं होतं, म्हणून सांगतो."

मग तो वाफ्यात गेला. फुटक्या फुलाचा देठ उपटला. त्याच्या दोन्ही बाजूंची, सहा महिने घेतलेली काचेची फुलंही एक एक करून काढली आणि पलीकडं भिंतीशी नेऊन रोवली. मधली माती उघडी पडली. एका माणसाला झारी घेऊन जाता येईल एवढी.

फाटकापाशी गाड्या वाजायला लागल्या होत्या. कुणीतरी त्याच्या नावानं हाका मारत होतं. दिगू घामानं भिजलेला, विजारीच्या गुडघ्यांना चिखल, तसाच मामंजींच्या पुढ्यात येऊन बसला.

"अण्णा," तो म्हणाला. "शब्द राहिला तर राहू द्या."

मामंजींनी हात पुढं केला. चाचपत त्याचं डोकं शोधलं, मग खांदा. खांद्यावर भार देऊन उठले.

"चल," म्हणाले, "आता दाखव तुझी फुलं. मघाशी नीट दिसली नव्हती."