अबोल्याचा बांध

खरशेतला वाघजाईच्या देवळामागून भाताची खाचरं उतरत उतरत ओढ्याला भिडतात. सगळ्यात खालच्या खाचराच्या बांधावर एक काळा धोंडा आहे. त्याला शेंदूर नाही, नारळ नाही. ओला गाळ मात्र फासलेला असतो. पाहुणे विचारतात, हा कुठला देव? देवळाचे गुरव केरूनाना म्हणतात, "देव नव्हं, सासू आहे." पाहुणे हसतात. नाना हसत नाहीत. मग बांधावर टेकून ते सांगतात ती गोष्ट अशी.

फार मागे ठकूबाई नावाची बाई सगळ्यात वरचं खाचर कसत होती म्हणे. तोंडाची अशी की ती बोलायची थांबली की झाडावरची पाखरं दचकत. तिच्या घरात आवडी नावाची सून आली आणि त्याच वर्षी श्रावणात भातावर अळी पडली. आधी नुसती बारकी पांढरी पाखरं, चालताना पायांतून उडणारी. मग अळीनं पातं कातरून त्याची सुरळी केली आणि सुरळीत बसून ती हिरवं खरवडू लागली. सकाळी जावं तर शेताचा आणखी एक तुकडा पांढरा. गुरं त्या बांधाकडे जाईनात. बेडूकही ओरडायचे थांबले, असं सांगतात.

"पांढऱ्या पायाची आली नि शेत पांढरं झालं," ठकूबाई चारचौघांत म्हणाली. "भात गेलं तर हिला माहेरी पोचवायची. तिथलं काय पांढरं करायचं ते करू दे."

 आवडीच्या माहेरी सावत्र आई होती आणि ते दार तिच्या पाठीमागे केव्हाच लागलं होतं.

गावानं देवीला कौल लावला. कौल मिळाला तो असा: एकाच घरच्या दोघींनी सुंभाची दोरी दोन टोकांना धरून वरच्या खाचरापासून खालच्यापर्यंत भातावरून ओढत न्यावी. सुरळ्या पाण्यात झडतील, ते पाणी ओढ्याला सोडावं. पण ओढताना तोंडून शब्द जाता कामा नये. शब्द पडला की झडलेली अळी पुन्हा चढेल. अळी वरच्या खाचरातून उठली होती, म्हणून मान त्या घराचा.

"ठकू गप राहणार? मग बुडालंच भात," पाटील म्हणाला. कुणी हसलं नाही.

ठकूबाईनं दोरीचं टोक मनगटाला गुंडाळलं. "टोक ढिलं सोडलंस तर याद राख," ती आवडीला म्हणाली. ते तिचं शेवटचं बोलणं.

झिमझिम लागून होती. दोघी समोरासमोरच्या बांधांनी निघाल्या. मधली दोरी भाताचे शेंडे वाकवत सरकत होती आणि सुरळ्या पाण्यात झडत होत्या, सुपात तांदूळ पडावेत तशा. वळणाच्या खाचरापाशी दोरीला हिसका बसला, मग ती ढिली पडली. आवडीनं पाहिलं. ठकूबाई खाली गवतात बघत उभी होती. क्षणभरच. मग दोरी ताणली गेली, आधीपेक्षा घट्ट.

सासू रागावली, असंच आवडीला वाटलं. पण पुढच्या खाचरात दोरी जड होत गेली. पलीकडचा हात आता दोरी ओढत नव्हता, दोरीच्या आधारानं उभा होता. आवडीनं हाक मारायला तोंड उघडलं. ठकूबाईनं मोकळा हात वर केला. घरात तो हात वर झाला की आवडी गप्प होई. तशीच आताही झाली. हाक मारली तर भात जाणार होतं आणि भातापाठोपाठ ती. नाही मारली तर काय जाणार, तेही तिच्या हाताला दोरीतून कळत होतं. ती चालत राहिली.

शेवटचा बांध फोडला. पाणी ओढ्याला लागलं, वर सुरळ्यांचा थर घेऊन. ठकूबाई जागच्या जागी बसली. आवडी भातातूनच धावली. "आत्याबाई, काय झालं?"

पाऊल सुजून काळं पडलेलं, घोट्यावर दोन दात उमटलेले. ठकूबाईचे ओठ हलले म्हणे, पण जीभ जड झाली होती. ती आवडीच्या पायांकडे बघत होती. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले. पांढरे की कसे, कोण सांगणार?

भात वाचलं. आवडीला कुणी माहेरी पोचवलं नाही. सासू बसली होती तिथे तिनं धोंडा ठेवला आणि त्याच खाचराचा गाळ त्याला लावला.

आजही श्रावणात खरशेतची सासू आणि नवी सून दोरी ओढतात. शेतकी खात्याचे साहेब सांगून गेले, दोरीनं अळी झडते हे खरं, पण बोललात तरी चालेल. गावानं मान डोलावली. बोलत मात्र कुणी नाही. वळणाच्या खाचरापाशी कुणी टोक सोडलेलं नसताना दोरी ढिली पडते, असं सुना सांगतात. सासवांना विचारलं तर त्या चहाचं बघायला उठतात.

आणि शेवटच्या बांधावर सून धावत जाऊन सासूच्या पायाशी बसते, ओंजळीनं पावलांवरचा चिखल धुते. पाहुणे फोटो काढतात. "अजून पाया पडतात हो मुली इथे," म्हणतात.

ती पाया पडत नसते. ती घोटे बघत असते.