लिंबाजीनं हवेचं यंत्र बसवलं

फू.

हा आवाज लिंबाजीच्या कानात लहानपणापासून बसला होता. पोरवयात तो ओट्यावरून पडला आणि गुडघा फुटला. आईनं गुडघ्यावर हळूच फुंकर घातली. फू. दुखायचं थांबलं. तेव्हापासून लिंबाजीचं ठाम मत झालं, की हवेसारखं औषध नाही.

तर खैरवाडी नावाच्या गावात हा भोळा लिंबाजी राहत होता. वय चाळीस, मिशा भरघोस, मन गाईचं. थोरली बहीण हौसाक्का हिच्याकडेच त्याचं खाणंपिणं. आक्काचे यजमान सर्जेराव, म्हणजे त्याचे दाजी. दाजींचा एक जुना ट्रक होता आणि ट्रकाची देखभाल लिंबाजीकडे होती.

लिंबाजीत एक मोठा गुण होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. दाजी म्हणायचे, "विसरला असता तर बरं झालं असतं."

आक्काच्या मुलाचं, सोपानचं लग्न ठरलं. मुलगी माळापलीकडच्या गावची. माळ सगळा बाभळीचा. गेल्या साली दाजींच्या पुतण्याचं वऱ्हाड त्याच माळावर पंक्चर होऊन बसलं होतं आणि दुपारच्या अक्षता दिवेलागणीला पडल्या होत्या. सोपानच्या सासऱ्याला हे कळलं होतं. त्यानं स्वच्छ निरोप धाडला, "बारा वाजून दहा मिनिटांनी नवरदेव मांडवात दिसला नाही, तर मुलगी दुसरीकडे देईन."

सोपाननं मुलीला एकदाच पाहिलं होतं. तेवढ्यानंच त्याची झोप उडाली होती.

म्हणून दाजींनी तालुक्याहून गुलाब मिस्त्रीला बोलावलं. ट्रकावरच हवेचा कंप्रेसर बसवायचं ठरलं. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरणार, खालच्या टाकीत हवा साठणार, आणि लांब नळीनं चालत्या वाटेवर टायर भरता येणार.

"मिस्त्री, लिंबाजी तुमच्या हाताखाली राहील," दाजी म्हणाले. "फक्त सांगताना जपून सांगा."

पहिल्या दिवशी मिस्त्रीनं नळ्या जोडल्या आणि हातपंपानं त्यांत हवा भरली. लिंबाजीच्या हातात साबणाच्या पाण्याची वाटी आणि पांढरी टेप दिली. "प्रत्येक सांध्याला पाणी लाव. जिथं बुडबुडा दिसेल तिथनं हवा जातेय. तिथं टेप गुंडाळायची."

लिंबाजीनं मान हलवली. गोष्ट पक्की ध्यानात ठेवली. तीन सांधे गळत होते, तिन्ही त्यानं झकास बंद केले. मिस्त्रीनं पाठ थोपटली.

संध्याकाळी लिंबाजी म्हैस घेऊन ओढ्यावर गेला. म्हशीनं पाण्यात तोंड घातलं. नाकापाशी बुडबुडे आले. एक नाही, दोन नाही, रांगच लागली.

"अरेरे," लिंबाजी म्हणाला, "एवढी हवा वाया." आणि त्यानं उरलेली टेप म्हशीच्या नाकाला गुंडाळली.

म्हैस तिथनं उधळली ती घरापुढच्या लग्नाच्या मांडवात शिरली. मांडवाचे चार खांब गळ्यात घेऊन पलीकडनं बाहेर पडली.

दाजी कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे बाबा, एकदम हात घालू नये. आधी पाठीवरनं हात फिरवावा, दोन पेंड्या चारा घालावा, मग हात लावावा."

लिंबाजीनं मान हलवली. गोष्ट पक्की ध्यानात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "लिंबाजी, कंप्रेसरला पट्टा चढव. मी चहा घेऊन येतो."

लिंबाजीनं एकदम हात घातला नाही. आधी कंप्रेसरच्या पाठीवरनं हात फिरवला. "शहाणं माझं लेकरू" असं म्हणाला. मग त्याचं हवा ओढायचं तोंड शोधलं आणि दोन पेंड्या कडबा बारीक करून आत सारला. मग पट्टा चढवला.

मिस्त्रीनं येऊन इंजिन सुरू केलं. कंप्रेसर खोकला. पुन्हा खोकला. मग मिस्त्रीच्या चहात भुसा पडला.

"हे काय घातलंस याच्यात?"

"कडबा. मका महाग आहे."

मिस्त्रीनं दुपारभर यंत्र खोलून साफ केलं. नंतर सावकाश म्हणाला, "हे बघ. याच्या तोंडात केरकचरा गेला की हे गेलं. तोंड उघडं दिसलं की त्याला जाळी बसवायची आणि घट्ट बांधायची."

लिंबाजीनं मान हलवली. गोष्ट पक्की ध्यानात ठेवली.

दाजी ओसरीवर झोपले होते. घोरत होते. तोंड सताड उघडं, आणि अंगणात आक्का केर काढत होती. लिंबाजी धावला. चुलीपाशी चहाची गाळणी होती, ती त्यानं दाजींच्या तोंडावर ठेवली आणि त्यांच्याच फेट्यानं करकचून बांधली.

दाजी जागे झाले. "गुं गुं" असं काहीतरी म्हणाले.

"बोला दाजी," लिंबाजी म्हणाला, "गाळून येतंय."

आक्कानं फेटा सोडला. दाजी बराच वेळ मिशा चाचपत बसले. मग म्हणाले, "मिस्त्री, याला टाकीचं काम द्या. टाकीला तोंड नसतं."

तिसरा दिवस हळदीचा. टाकी बसली, यंत्र झकास चालू लागलं. मिस्त्रीनं लिंबाजीला जवळ बसवून दोन गोष्टी सांगितल्या. "एक. टायरात काटा रुतला तर उपटायचा नाही. काटा आहे तोवर भोक बुजलेलं असतं. थोडी हवा जाते, तेवढी आपलं यंत्र भरून काढतं. उपटलास की सगळी जाते. दोन. रोज संध्याकाळी टाकीच्या बुडाचा नळ उघडायचा आणि आतलं पाणी सोडून द्यायचं. पाणी राहिलं तर टाकी सडते."

लिंबाजीनं दोनदा मान हलवली.

संध्याकाळी त्यानं ट्रकाच्या टाकीचा नळ उघडला. चार थेंब पडले. "एवढ्याशा टाकीची एवढी काळजी," तो मनाशी म्हणाला, "आणि गावच्या टाकीकडे कुणी बघत नाही." मग तो गावच्या टाकीपाशी गेला. तिच्यात खूपच पाणी साठलं होतं. सगळं जाईपर्यंत तो माणुसकीनं तिथं थांबला.

सोपान हळद लावून अंघोळीला बसला आणि पाणीच नाही. बायका घागरी घेऊन माळावरच्या विहिरीकडे निघाल्या. लिंबाजीही दोन घागरी घेऊन निघाला, कारण पाणी कुठं गेलं याचं त्यालाही नवल वाटत होतं.

वाटेत आक्काच्या पायात बाभळीचा काटा मोडला. ती मटकन खाली बसली.

"लिंबा, काढ बाबा एवढा."

"नको आक्का. मिस्त्री म्हणतो, काढला की सगळी हवा जाते. आहे तसा राहू दे, गावात गेल्यावर बघू."

दुखत असूनही आक्काला हसू आलं. "अरे माझ्या येड्या. काटा दिसला की आधी काढायचा. मग फुंकर घालायची, आई घालायची तशी. विचारत बसायचं नाही. बिचारं सोसत असतं."

लिंबाजीनं काटा काढला. फुंकर घातली. फू. आक्का उठून चालायला लागली.

मिस्त्री शहाणा, पण आक्का मोठी. लिंबाजीनं ही गोष्ट सगळ्यांत पक्की ध्यानात ठेवली.

लग्नाच्या सकाळी ट्रक भरून वऱ्हाड निघालं. माळावर टायरांत काटे रुतत होते, पण मिस्त्रीचं यंत्र अधूनमधून हवा भरून काढत होतं. ट्रक हत्तीसारखा डुलत चालला होता. दाजी खुशीत होते. मुंडावळ्या बांधलेला सोपान पुढं बसून दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. अकरा वाजले आणि अर्धी वाट सरली.

तिथं म्हसोबाचा दगड होता. नारळ फोडल्याशिवाय वऱ्हाड पुढं जात नसे. दाजी, आक्का, मिस्त्री, सोपान नारळ घेऊन उतरले.

"लिंबाजी, तेवढ्यात टायर बघून घे," दाजी म्हणाले.

लिंबाजीनं वाकून टायर बघितले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. केवढे काटे. आणि एक शब्द नाही. बिचारे सोसत होते.

त्यानं पक्कड काढली. पहिला काटा उपटला. फुस्स. लिंबाजीनं तिथं तोंड नेलं आणि फुंकर घातली. फू. दुसरा उपटला. फुस्स. फू. पुढची दोन चाकं झाली, मागची चार झाली. ट्रक खाली खाली जाऊ लागला. वरच्या बायकांना वाटलं, उतार लागला.

म्हसोबाच्या पाया पडून सगळे परतले. ट्रक म्हशीसारखा बसला होता.

"लिंबाजी," दाजी हळू आवाजात म्हणाले, "टायर बघितलेस?"

"बघितले दाजी. एकही काटा ठेवला नाही."

मिस्त्रीनं नळी धरली. मग टायर बघितले आणि नळी खाली ठेवली. "स्टेपनी आणा," तो म्हणाला.

"तिच्यातही एक जुना खिळा होता," लिंबाजी म्हणाला. "आधी तिचाच काढला."

आक्कानं पदर तोंडाला लावला, पण ती रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं.

सोपाननं घड्याळ बघितलं. मग मामाकडे बघितलं. मामा शेवटच्या टायरापाशी गुडघे टेकून अजून फुंकर घालत होता.

सोपाननं धोतर वर खोचलं, मुंडावळ्या कानामागं सारल्या, आणि माळावरनं मुलीच्या गावाकडं चालू लागला.