गोड आकडा

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात श्रीरंग शेटे नावाचा गुळाचा एक व्यापारी राहत होता. पन्नाशी ओलांडलेली, पोट जरा सुटलेलं. पण तरुणपणी तो सायकलवर घाट चढत असे. ते दिवस तो विसरला नव्हता आणि इतरांनाही विसरू देत नव्हता.

गावात सायकलवाल्यांचं एक मंडळ होतं. दर हिवाळ्यात मंडळी सायकलींवर घाटमाथ्यापर्यंत जात. श्रीरंगशेठ मंडळात होता, पण अलीकडे पायथ्याशीच माघारी फिरायचा. कधी गुडघा दुखायचा, कधी दुकानात माल यायचा. कोणी त्याला हसत नसे. पण वर आपली कोणी वाट पाहत नाही, हे त्याला कळत होतं आणि ते सलत होतं.

एकदा ऐन उसाच्या हंगामात एक ट्रॉली त्याला इतकी खेटून गेली की बाहेर आलेली उसाची टोकं त्याच्या खांद्याला घासली. तो रस्त्याच्या कडेला उतरला आणि बराच वेळ तिथेच बसून राहिला. घरी येऊन त्याने झालेलं सांगितलं.

त्याची बायको कालिंदी म्हणाली, "सायकल सोडा असं मी म्हणत नाही. पण हंगाम संपेपर्यंत घरातच चालवा. त्याची यंत्रं मिळतात म्हणे."

म्हणून श्रीरंगशेठ शहरातल्या सायकलच्या दुकानात गेला. दुकानदाराने त्याला घरात सायकल चालवायचे दोन ट्रेनर दाखवले. दोन्हींना आपलीच सायकल जोडायची आणि समोर स्क्रीन लावायचा. स्क्रीनवर रस्ता दिसतो आणि त्या रस्त्यावर आपल्या नावाचा एक छोटा सायकलस्वार धावतो. चढ आला की यंत्र आपोआप जड होतं, उतार आला की हलकं. आपण किती जोर लावतो त्याचा आकडा कोपऱ्यात उमटतो आणि तो दूरदूरच्या ओळखीच्यांनाही त्यांच्या फोनवर दिसतो. फरक इतकाच होता, की पहिल्या ट्रेनरवर सायकलचं मागचं चाक तसंच ठेवून रोलरवर टेकवायचं होतं, आणि दुसऱ्यासाठी ते चाक काढून साखळी थेट यंत्रावर चढवायची होती.

श्रीरंगशेठने दोन्ही चालवून पाहिले. दुसऱ्यावर चढ लागताच त्याच्या मांड्या भरून आल्या आणि स्क्रीनवरचा सायकलस्वार गोगलगायीसारखा सरकू लागला. पहिल्यावर तोच चढ तो सायकलस्वार पळत चढला.

दुकानदार म्हणाला, "शेठ, पहिल्याचा हा आकडा खरा धरू नका. टायरमध्ये हवा किती, रोलर किती दाबलाय, यावर तो बदलतो. दर वेळी थोडं चालवून आकड्याची खऱ्या जोराशी जुळणी करावी लागते. ती केलीत तर तोही खरंच सांगेल. जुळणीचा कंटाळा असेल तर दुसरा घ्या."

"कंटाळा कसला?" श्रीरंगशेठ म्हणाला आणि पहिला बांधायला सांगितला. रोज चाक काढत बसायचं कोणी, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्या सरपटणाऱ्या सायकलस्वाराकडे त्याला पुन्हा बघायचं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने रोलर आवळून एकदा जुळणी करून पाहिली. आकडा धाडकन खाली आला. आपलंच काहीतरी चुकलं असेल असं म्हणून त्याने रोलर पुन्हा सैल केला, जुळणी पुसून टाकली आणि नंतर तिकडे फिरकला नाही. चढावर सायकलस्वार किती पळेल हे ठरवायला यंत्राच्या ॲपने वजन विचारलं तेव्हा त्याने लग्नाच्या वेळचं वजन लिहिलं. व्यायामाने ते तेवढं होणारच आहे, मग आताच लिहिलं तर काय बिघडलं?

मग दिवस बरे जाऊ लागले. रोज सकाळी श्रीरंगशेठ घरातल्या घरात डोंगर सर करायचा आणि मंडळातले लोक फोनवर ते बघून थक्क व्हायचे. मंडळाचे प्रमुख, दातांचे डॉक्टर निशिकांत मोघे, चारचौघांत म्हणाले, "शेठ, तुम्ही तर आम्हा सगळ्यांना मागे टाकलंत." श्रीरंगशेठ नुसता हसला. गुळाच्या धंद्यात आयुष्य गेलं, पण एवढं गोड त्याच्या तोंडात कधी पडलं नव्हतं.

आणि एक दिवस डॉक्टर मोघे दुकानात आले. त्यांच्याबरोबर मुलींच्या शाळेतल्या संगीताच्या शिक्षिका होत्या, अरुंधती सावे. बाई तरुण होत्या आणि जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं.

"मंडळाला दोन सीटची सायकल मिळाली आहे," डॉक्टर म्हणाले. "बाईंना घाट चढायचाय. पुढे बसून चालवणारा भक्कम पाहिजे. तुमच्याइतका जोर आज आमच्यात कोणाचाच नाही."

अरुंधतीबाई म्हणाल्या, "काका, डॉक्टरांनी तुमचे आकडे आमच्या घरी वाचून दाखवले. बाबा तयारच नव्हते. ते ऐकून हो म्हणाले."

तेव्हाच बोलायला हवं होतं. श्रीरंगशेठच्या ओठांवर शब्द आलेही. पण दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, डॉक्टर कौतुकाने बघत होते. तो म्हणाला, "जाऊ की. त्यात काय."

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. ताटावर बसलं की त्याच्या डोळ्यांसमोर माकडवळण यायचं. घाटातलं ते सगळ्यात उभं वळण. एका हाताला डोंगराची भिंत, दुसऱ्या हाताला दरी, आणि वरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या. तिथे जोर संपून सायकल थांबली तर एकटा माणूस पटकन पाय टेकवतो. पण मागे बसलेल्या बाईंना सायकल थांबणार हे आधी कळणारच नाही. सायकल आडवी होईल. कोणत्या बाजूला होईल? इथपर्यंत आलं की तो ताट बाजूला सारायचा.

मग तो उठून ट्रेनरवर बसायचा. आकडा चढायचा आणि जिवाला जरा थंडावा मिळायचा. पण दुकानात गुळाची ढेप उचलून फळीवर ठेवली की छाती भात्यासारखी वर-खाली व्हायची. आकडा म्हणायचा जमेल, छाती म्हणायची नाही. श्रीरंगशेठ आकड्याचं ऐकायचा आणि छातीला घाबरायचा.

सरावाचा पहिला दिवस उजाडला. श्रीरंगशेठ पुढे, अरुंधतीबाई मागे. सपाट रस्त्यावर सायकल छान पळाली. मग कालव्याचा पूल आला. पूल कसला, चार पावलांचा चढ. पण अर्ध्यावर श्रीरंगशेठच्या पायांतलं बळ गेलं. हँडल डगमगलं, सायकल तिरपी झाली, आणि कठड्याला हात टेकला म्हणून दोघं पडता पडता वाचली.

"काका, तुमचा श्वास तुटतोय," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"गिअर अडकला."

त्यांनी चाचपून पाय पुन्हा पेडलवर ठेवले. मग म्हणाल्या, "बरं."

ते 'बरं' श्रीरंगशेठच्या कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ट्रेनरवर नुसताच बसून होता, पाय मारत नव्हता. कालिंदी चहा घेऊन आली.

"काल पुलावर काय झालं?"

"गिअर अडकला."

कालिंदीने चहा खाली ठेवला. "अहो, काटा शून्यावर आहे की नाही हे बघितल्याशिवाय तुम्ही गिऱ्हाइकाला गूळ तोलून देत नाही. मग या यंत्राचं तेवढं बघायला का भिता?"

ती आत निघून गेली. श्रीरंगशेठ उठला. त्याने टायरमध्ये हवा भरली, रोलर नीट आवळला, सांगितल्याप्रमाणे थोडं चालवून जुळणी केली. वजनाच्या जागी खरं वजन लिहिलं. मग घाटासारखाच एक चढ लावला.

स्क्रीनवरचा सायकलस्वार सरपटला, आणखी थोडा सरपटला आणि जागच्या जागी थांबला.

श्रीरंगशेठने घाम पुसला. आतापर्यंत त्याची भीती धुक्यासारखी होती. आता तिला हातपाय फुटले. आपण बाईंना घेऊन माकडवळणावर गेलो तर तिथे सायकल थांबणार, हे त्याला स्वच्छ दिसलं.

तो बाईंच्या घरी निघाला. वाटेत त्याने एक वाक्य घोकलं. 'गुडघा दुखतोय, डॉक्टरांनी मनाई केली आहे.' सोपं वाक्य होतं. गुडघ्याला कोणी नावं ठेवत नाही. आकडे तसेच राहिले असते, मानही राहिला असता, आणि बाईही वाचल्या असत्या.

बाईंच्या वडिलांनी दार उघडलं, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "खरं सांगू शेठ? माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण तुम्ही आहात म्हणून निर्धास्त आहे."

गुडघ्याचं वाक्य श्रीरंगशेठला बोलवेना. गुडघा दुखतो म्हटलं तर हा माणूस गुडघा बरा व्हायची वाट बघेल आणि पुन्हा मुलीला आपल्याच मागे बसवेल. त्याने पेला खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. सैल रोलर, लग्नाच्या वेळचं वजन, अडकला नव्हता तो गिअर.

आतल्या दारात येऊन उभ्या राहिलेल्या अरुंधतीबाई बोलल्या. आवाज चढवला नाही, पण त्यात माया नव्हती. "आकडे मला दिसत नाहीत, काका. कोणीतरी वाचून दाखवतं आणि मी ते खरं धरते. मला दुसरा इलाज नसतो."

श्रीरंगशेठ मान खाली घालून परत आला. मंडळातही त्याने सगळं सांगितलं. मागे माणूस घेऊन दोन सीटची सायकल चढवायचा सराव दुसऱ्या कोणालाच नव्हता, वेळही उरला नव्हता. त्या हिवाळ्यात मंडळी घाटमाथ्यावर जाऊन आली. अरुंधतीबाई घरीच राहिल्या. हे आपल्यामुळे झालं, हे श्रीरंगशेठला कोणी सुनावलं नाही. तेच त्याला जास्त जड गेलं.

यंत्र विकून टाकावं असं त्याच्या मनात आलं. पण त्याने ते विकलं नाही. रोज सकाळी हवा बघायची, जुळणी करायची, मग पाय मारायचे. आकडा लहान यायचा. फोनवर तो मंडळाला दिसायचा आणि कोणी काही म्हणायचं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा आला. आकडा मुंगीच्या पावलांनी वाढत होता.

एका सकाळी दारात काठीचा आवाज आला. अरुंधतीबाई होत्या. कालिंदीने त्यांना ट्रेनरजवळ खुर्ची दिली.

"चालवा," त्या म्हणाल्या. "मला ऐकू द्या."

श्रीरंगशेठ पाय मारू लागला. चढ लागला, सरला. बाई मान किंचित वाकवून ऐकत होत्या.

"शेवटी शेवटी श्वास ओढला गेला," त्या म्हणाल्या.

"हो. तिथे माझा जोर कमी पडतो."

"पण या वेळी सांगितलंत." त्या उठल्या. "बाबांशी मी बोलते. या हिवाळ्यात बघू या."

हिवाळा आला. उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर आल्या. मंडळी निघाली. दोन सीटच्या सायकलवर श्रीरंगशेठ पुढे बसला. सायकल हळूहळू चढत राहिली. मागे बाई तालात पाय मारत होत्या. बाकीचे पुढे निघून गेले. मग माकडवळण आलं.

वळणाच्या तोंडाशी श्रीरंगशेठच्या मांड्या भरून आल्या. आणखी थोडं रेटलं तर कदाचित निघेल, असं त्याला वाटलं. कदाचित. त्या शब्दाने त्याच्या अंगावर काटा आला.

"बाई," तो म्हणाला, "इथे माझा जोर पुरणार नाही. उतरायचंय. मी तीन म्हटलं की डावा पाय टेकवा."

दोघांनी एकदम पाय टेकवले, उतरली आणि सायकल डोंगराच्या भिंतीशी ओढून घेतली. तेवढ्यात वरून उसाची एक भरलेली ट्रॉली आली. वळण घेताना ती पार अलीकडच्या बाजूला आली आणि ती दोघं सायकलवरून तशीच चढत राहिली असती तर जिथे असती, तिथली धूळ उडवून खाली गेली. उसाची पाती सायकलच्या हँडलला घासली.

अरुंधतीबाईंनी श्रीरंगशेठची बाही घट्ट धरली होती. ट्रॉलीचा आवाज खाली विरला.

"किती जवळून गेली?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलून धीर देता आला असता. श्रीरंगशेठ म्हणाला, "फार जवळून."

दोघांनी ते वळण सायकल ढकलत चालून पार केलं, चढ निवळल्यावर पुन्हा सायकलवर बसली आणि दमत, थांबत घाटमाथ्यावर पोचली. वर डॉक्टर मोघे पाण्याची बाटली घेऊन उभे होते.

"पूर्ण चढवलीत, शेठ?"

"नाही," श्रीरंगशेठ म्हणाला. "माकडवळण चालत आलो."

आणि ही गोष्ट त्याने खाली गावातही, विचारील त्याला, अशीच सांगितली.

तात्पर्य: मन सुखावणारं माप जो निवडतो, तो एकटा फसत नाही, त्याच्या भरवशावर मागे बसलेल्या माणसालाही तो संकटात नेतो. म्हणून आपलं बळ खऱ्या मापाने मोजावं, आणि ते जिथे संपतं तिथे थांबून तसं मोकळेपणाने सांगावं.