न बुडणारे घटिकापात्र

सूर्य कासराभर वर आला होता. राजधानीच्या लेखनशाळेत, तिसऱ्या दालनात, सोमदत्त नावाचा सोळा वर्षांचा मुलगा लिहिता लिहिता पारदर्शक झाला. आधी बोटे, मग मनगट. त्याच्या तळहातातून खालचा कागद दिसू लागला. शेजारच्या मुलाने मान वर न करता आपली ओळ पूर्ण केली.

राजवैद्याने कारण लिहिले : अशक्तपणा. त्या वर्षात हेच कारण तीनशे सात वेळा लिहिले गेले होते. एकाच राज्यातली तीनशे सात पोरे एकदम अशक्त कशी झाली, हे त्याला कोणी विचारले नाही, आणि त्यानेही स्वतःला विचारले नाही.

हे ज्या राज्यात घडले, त्या राज्याचा राजा प्रतापवर्मा याला घाई झाली होती. सगळ्या शेजाऱ्यांच्या पुढे जायचे, आणि तेही आपल्या हयातीत. वज्रमुख नावाचा मायावी त्याला म्हणाला, "महाराज, आपली तरुण मंडळी अर्धा दिवस जेवण्यात, खेळण्यात आणि झोपण्यात घालवतात. त्या घटका मला द्या. मी त्या बुधल्यांत भरून आपल्या भांडारात साठवतो." राजाने होकार दिला.

वज्रमुखाने फार काही केले नाही. राजदेवडीवर घटिकापात्र होते. पाण्यावर तरंगणारी तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. भोकातून पाणी शिरे, वाटी बुडे, घटका संपे, टोल पडे. त्या टोलांवर राज्यातली मुले जेवत, खेळत, निजत. वज्रमुखाने भोकात मंतरलेले मेण भरले. वाटी बुडेना, टोल पडेना. म्हातारी माणसे उन्हाकडे पाहून जेवत राहिली. विशीच्या आतल्यांना टोलावाचून काही ठाऊक नव्हते. त्यांची तीन वर्षे एकच घटका चालली होती, आणि ती कामाची होती.

सोमदत्तची बहीण तरंगिणी एकोणीस वर्षांची होती. ती तडक देवडीवर गेली, कारण घटिकापात्राचा राखणदार गोरक्ष हा त्या दोघांचाच बाप. तो वाटीकडे डोळे लावून बसला होता. वाटी बुडाल्याशिवाय टोल द्यायचा नाही आणि तरंगत्या वाटीला हात लावायचा नाही, हा त्या घराण्याचा सात पिढ्यांचा नियम.

"बाबा, तीन वर्षांत एक घटका संपली नाही. तुम्हाला नवल वाटले नाही?"

"वाटले," गोरक्ष म्हणाला. "पण नवल वाटले तर काय करावे, हे नियमात नाही."

देवडीपुढच्या तळ्याकाठी एक टिटवी होती. तीन वर्षे ती एका जागी उभी राहिली नव्हती. ती येरझारा घालतच बोलली. "तुझा बाप भला माणूस आहे. भल्या माणसांमुळेच हे इतके दिवस चालले." वज्रमुखाने भोकात मेण भरताना तिने पाहिले होते. तिने ते सांगितले आणि उपायही सांगितला. ते मेण आगीने वितळत नाही. त्याला तीन ऊबा लागतात, आणि तिन्ही विशीच्या आतल्यांच्या : बसून पोटभर जेवलेल्याचा श्वास, बक्षिसावाचून खेळलेल्याचा तळहात, सूर्योदयापर्यंत झोपलेल्याच्या पापण्या. चौथ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत हे झाले नाही, तर सोमदत्त दिसणार नाही, आणि असणारही नाही.

पहिल्या दिवशी तरंगिणीने विणकरांच्या पाच मुलींना बोलावले. त्या उभ्याने, काम करता करता फुटाणे खाऊन जगत. तिने भाकरी, वालाची उसळ आणि ताक वाढले आणि पंगतीचा जुना शिरस्ता सांगितला : शेवटचीचे होईपर्यंत कोणी उठायचे नाही. मुली बसल्या. त्यांतली कौमुदी चार घासांत भाकरी संपवून दाराकडे पाहू लागली.

"आता काय करायचे?" तिने विचारले.

"दुसरी घे. आणि ही चाव."

कौमुदीने चावली. मग कोणीतरी मीठ मागितले, कोणी कोणाच्या वेणीला नावे ठेवली, आणि पंगत उठली तेव्हा ऊन कलले होते.

दुसऱ्या दिवशी लेखनशाळेच्या अंगणात लंगडीचा डाव मांडला. शिपाई धावत आला. बक्षीस काय आहे, त्याने विचारले. काही नाही, असे उत्तर आले. मग धावता कशाला, त्याने विचारले. याचे उत्तर द्यायला कोणी थांबले नाही. असा गुन्हा कोणत्या कलमात बसतो, हे विचारायला तो वरिष्ठांकडे गेला, वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांकडे गेले. तोवर इंद्रसेन नावाच्या एका मुलाचे तळहात लाल झाले होते.

तिसरी ऊब मिळेना. तरंगिणी दारोदार फिरली. कोणालाच झोप येत नव्हती. डोळे मिटले की सगळ्यांना अपुऱ्या ओळी दिसत. तिसऱ्या दिवशी सांजेला ती हरून भावाच्या उशाशी बसली. तो आता फक्त बाह्यरेषेइतका उरला होता. तिने त्याला 'झोप' म्हटले नाही. तुला काय होते, एवढेच विचारले.

तो म्हणाला, "ताई, मला महिनाभर अक्षरेच दिसत नाहीत. मी नुसत्या रेघा ओढतो. कळले तर मला काढतील."

"काढू दे. तू माझा भाऊ आहेस, लेखनिक नंतर."

तो रडला. मग झोपला. सूर्योदयाला उठला तेव्हा पापण्या ऊन होत्या, पण पाय दिसत नव्हते.

चौथ्या दिवशी तिघांना घेऊन ती देवडीवर गेली. भोक वाटीच्या बुडाला होते. वाटी उचलल्याशिवाय ऊब पोचणार नव्हती. गोरक्ष आडवा आला. हात लावू देणार नाही म्हणाला, नियम म्हणाला, सात पिढ्या म्हणाला. सूर्य डोंगराला टेकला. सोमदत्तने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. गोरक्षाला खांद्यावर काहीच जाणवले नाही.

तेव्हा गोरक्षाने दोन्ही हात पाण्यात घातले आणि वाटी उचलली.

कौमुदीने श्वास सोडला. इंद्रसेनाने तळहात लावला. सोमदत्तने पापण्या टेकवल्या. मेण ओघळले. गोरक्षाने वाटी पुन्हा पाण्यावर सोडली. ती हळूहळू भरली आणि बुडाली. तीन वर्षांनी टोल पडला.

भांडारातल्या बुधल्यांची झाकणे उडाली. प्रत्येक बुधल्यावर एकेका मुलाचे नाव होते. घटका आपापल्या धन्याकडे परतल्या. सोमदत्तचे पाय दिसू लागले, आणि त्याला भूक लागली. वज्रमुखावर त्याने मायेने चुकवलेल्या स्वतःच्या वयाच्या घटका कोसळल्या. तो जागच्या जागी म्हातारा होऊन निजला, तो उठला नाही. राजाने टोलांचे नवे फर्मान काढले : जेवणाचे, खेळण्याचे, निजण्याचे. टिटवी पहिल्यांदा एका जागी बसली.

दुसऱ्या दिवशी भांडाराची पाहणी झाली. चाळीस बुधले रिकामे निघाले. त्यांची झाकणे उडाली नव्हती. ती जागेवर होती, आणि त्यांवर राजवाड्याची मुद्रा होती, लाख अजून ओली. त्या चाळिसांपैकी एकही मूल आजवर झोपलेले नाही. त्यांच्या घटका कोणी वापरल्या, हे दरबारात तीनदा विचारले गेले, आणि तिन्ही वेळा राजाने पुढचे काम घ्यायला सांगितले.